ओल्या गालावरची तीट

उज्वला दुसरं लग्न करते, हे मनकर्णाबाईंनी कधीच गिळलं होतं. हरिदास जाऊन चार वर्षं झाली. बत्तीस वर्षांच्या सुनेनं उरलेला जन्म सासूच्या तोंडाकडं पाहत काढावा, असं म्हणणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. पुलगावच्या चंदनचं स्थळ आलं तेव्हा थोरला ज्ञानेश्वर फुरंगटून भाजीच्या वाडीत जाऊन बसला आणि पाहुण्यांपुढं चहा ठेवला तो मनकर्णाबाईंनीच. आता येत्या गुरुवारी वर्ध्याला लग्नाच्या सह्या, आणि तिथूनच उज्वला परस्पर पुलगावला. सात वर्षांच्या आचलला ती सोबत नेणार म्हणत होती. त्यावर मनकर्णाबाईंनी अजून हो म्हटलं नव्हतं की नाही म्हटलं नव्हतं. पण जाता जाता पोरीच्या बदल्यात पोरीचं चित्र ठेवून जायचं, हे जे तिनं काढलं होतं, ते मात्र त्यांच्या घशात बोराच्या आठोळीसारखं अडकून बसलं होतं.

"भाजीवाल्याले वांगे मांगतले आन त्यानं वांग्याचा फोटू देल्ला, तं थैली भरते काय?" असं त्या तीन आठवडे दिसेल त्याला विचारत होत्या. शेजारणीला विचारलं, दूधवाल्याला विचारलं. हिंगणघाटहून लेक नलू आली, तर तिनं चपला काढायच्या आधी तिला विचारलं. उज्वलेला तेवढं विचारलं नाही. उज्वलेशी त्या चार वर्षं कामापुरतंच बोलत आल्या होत्या.

चित्रही असंतसं नव्हतं, तेलाच्या रंगाचं होतं. उज्वला सेवाग्रामच्या दवाखान्यात नर्स. तिनं नागपूरहून कॅनव्हास आणि रंगांच्या नळ्या मागवल्या आणि ज्ञानेश्वरच्या रजतपुढं ठेवून म्हणाली, "रजत, आचलला काढ. आईंना दिसत राहील." रजत नागपूरला चित्रकला शिकून आलेला. पण दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरवरची नावं आणि निवडणूक आली की भिंती, यापलीकडं त्याचा ब्रश गेला नव्हता. माणूस काढ, असं त्याला पहिल्यांदाच कोणी सांगत होतं. त्यानं उत्तरेच्या खिडकीची कांद्याची खोली झाडून काढली, तीन बांबू बांधून चित्राला उभं राहायला घोडी केली, आणि भाजीच्या उलट्या क्रेटवर आचलला बसवलं. पिवळा फ्रॉक, दोन वेण्या आणि हातात सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी.

आज रविवार, बसायचा शेवटचा दिवस. मनकर्णाबाई कांदे निवडायच्या निमित्तानं दारातच पाट टाकून बसल्या होत्या. निवडलेले कांदेच त्या पुन्हा निवडत होत्या.

"हालू नको, आचल."

"मी नाई हालली, दादा. सांभार हालला."

"मंग सांभाराले सांग."

"सांगितलं त्याले. आयकत नाई."

रजत हसला. ब्रश दातात धरून म्हणाला, "आजी, एक गोष्ट समजत नाई मले. आज वापरलेली जुडी संध्याकाळपर्यंत सुकते. सकाळी येऊन पाहतो, तं ह्या क्रेटवर ताजी जुडी. दव पडलेली. तीन आठवड्यांत एक दिवस खाडा नाई. कोण ठेवते?"

"मले काय माहीत. तुह्या मायले विचार."

"आईले विचारलं. ती म्हणते तिले नाई माहीत."

"मंग ठेवत असन कोणी. सांभार काय सोनं हाये?"

"आजी," आचल मान न हलवता म्हणाली, "तुह्या पायाले चिखल हाये. वाफ्यातला."

मनकर्णाबाईंनी पाय लुगड्याखाली ओढून घेतला. "चित्र काढून घेऊन राह्यली ना तू? मंग तोंड मिट. दात येतीन चित्रात."

मग विषय फिरवायला त्यांनी नाक वर केलं. "वास कायचा सुटला हा? कांद्याचा वासही मारला ह्यानं."

"टर्पेंटाइनचा. आन त्या वाटीत जवसाचं तेल."

"जवसाचं? आपण खातो ते?"

"तेच. ह्याच्यातच रंग कालवतात."

मनकर्णाबाईंनी वाटीत बोट बुडवलं, वास घेतला आणि जिभेला लावलं. "बाप्पा. जवसाची चटणी खाऊखाऊ मोठा झाला, आन आता त्याच तेलानं पोरी रंगवते." पण आवाजातली धार थोडी बोथटली होती. परक्या गावाहून आलेल्या त्या नळ्यांमध्ये आपल्या घाण्याचं तेल आहे, हे त्यांना आवडलं होतं. "वाळलं काय हे?"

"इथं कोपऱ्यात हात लावून पाह्य."

त्यांनी लावला. मागचा भुरा रंग भिंतीसारखा कोरडा लागला.

"वाळलं."

"तो मांगचा पातळ रंग हाये, म्हून वाळला. चेहऱ्याचं तसं नाई. गाल तं आता पुन्हा करून राह्यलो. आन आतून पुरा वाळाले सहा महिने लागतात, त्याच्याबिगर वार्निश..."

पण तेवढ्यात आचलनं विचारलं, "आजी, पुलगावले वाडी असते काय?" आणि रजतचं पुढचं बोलणं मनकर्णाबाईंच्या कानावरून वाऱ्यासारखं निघून गेलं. तसंही 'वाळलं' एवढं ऐकल्यावर बाकीचं ऐकायची त्यांना गरज वाटली नव्हती. अर्धं ऐकून पुरतं समजायचं, ही त्यांची जन्माची रीत.

"पुलगावले रेल्वे असते," त्या म्हणाल्या. "वाडी इथंच असते."

जेवायला सगळे छपरीत बसले. वांग्याचं भरीत, भाकर, वरून कांद्याची पात. वाढत होती शालू, ज्ञानेश्वरची बायको.  पाचव्या घासाला ज्ञानेश्वरनं तोंड उघडलं.

"माय, आज काय ते सांगून टाक. गुरुवार चार दिवसांवर आला."

"भाकर थंडी होऊन राह्यली तुही."

"होऊ दे. माह्यं एकच म्हणणं हाये. बाई दुसऱ्या घरी जाते, जाऊ दे. आपण अडवलं नाई. पण लेकरू बापाच्या घरचं. हरिदासची तेवढीच निशाणी हाये."

"दादा बरोबर बोलून राह्यला," नलू म्हणाली. "चंदन चांगला असन, मी नाई म्हणत नाई. पण सावत्र तो सावत्रच. उद्या त्यांचं आपलं लेकरू झालं म्हंजे? इथं वाडी हाये, शाळा हाये, वैनी हाये सांभाळाले."

शालूच्या हातातला भरताचा चमचा तिथंच थांबला. "वैनीले कोणी विचारलं?"

ज्ञानेश्वरनं वर पाहिलं. शालू चोवीस वर्षांत जेवणाच्या पंगतीत नवऱ्याच्या विरुद्ध बोलली नव्हती. परवापर्यंत तर 'पोरगी इथंच राहू द्या' असं तीच म्हणत होती.

"तुले काय विचाराचं?" तो म्हणाला.

"तेच म्हणून राह्यली मी. नाई विचारलं. सांभाळीन बाप्पा, मी नाई कशाले म्हणू? खाऊ घालीन, वेण्या घालीन. पण परवा उज्वलेची रातपाळी होती तं पोट्टी माह्याजवळ झोपली. झोपेत हात फिरवून राह्यली. मायच्या पोटावर हात ठेवून झोपाची सवय हाये तिले. माह्या पोटावर ठेवला, आन उचलून घेतला. झोपेतच. मले सांगा, ते पोट मी कोठून आणू?"

 नलूनं भाकरीचा तुकडा मोडला आणि तो ताटातच ठेवला.

"तू काही बोलशीन का नाई?" मनकर्णाबाईंनी एकदम उज्वलेकडं मोहरा वळवला. "पोरगी तुही हाये, आन भांडून राह्यली शालू."

उज्वलेनं ताटातली नजर उचलली नाही. "आई म्हणतील तसं."

हेच, मनकर्णाबाईंच्या मनात आलं, ह्या बाईचं हेच. समोरच्यानं भांडायला कंबर कसावी आणि हिनं मान खाली घालावी. भांडली असती, चार शब्द टाकून बोलली असती, तर सरळ 'ने' तरी म्हणता आलं असतं, नाहीतर 'नाही' तरी. मऊ भिंतीवर डोकं कुठं आपटणार?

"चार वाजता चहाले बसू," त्या ताटावरून उठत म्हणाल्या. "तवा सांगीन."

दुपारी घर आडवं झालं. ज्ञानेश्वर छपरीत घोरू लागला. रजत आचलला घेऊन विहिरीकडं ब्रश धुवायला गेला. मनकर्णाबाई कांद्याच्या खोलीत शिरल्या, दार लोटून घेतलं आणि कमरेचा चष्मा काढून डोळ्यांना लावला. तोपर्यंत त्यांनी ते चित्र बिनचष्म्याचंच पाहिलं होतं. मुद्दामच. नीट पाहिलं असतं तर आवडलं असतं, ही भीती.

आणि आता ती त्यांच्याकडं पाहत होती.

फोटोतली पोर कॅमेऱ्याकडं पाहते. ही तशी पाहत नव्हती. ही, काहीतरी विचारून आता उत्तराची वाट पाहणारी, दारात बसलेल्या आजीच्या पायाचा चिखल टिपलेली, ती पोर होती. डोळ्यात पांढरा एक ठिपका, तिळाएवढा, आणि तेवढ्यानं डोळा ओला झाला होता. हनुवटी हरिदासची. लहानपणी बोट धरून वाडीत नेताना तो अशीच हनुवटी वर करून विचारायचा, माय, भेंडीले लव काऊन असते? हातातल्या सांभाराच्या एकेका पानावर दव होतं. त्यांनीच रोज पहाटे वाफ्यातून खुडून आणलेलं दव.

मनकर्णाबाईंचा ऊर भरून आला आणि त्याच्या मागोमाग धसका आला. इतकं साजरं लेकरू उघडं कसं ठेवलं ह्या पोट्ट्यानं? उद्या सगळं गाव पाहायला येईल. कोणाची नजर कशी, कोण सांगणार? हरिदासच्या लग्नात सगळे म्हणाले होते, काय जोडा आहे, काय जोडा आहे. तीट लावायचं त्या विसरल्या होत्या.

कनवटीला काजळाची डबी असायचीच. डावी करंगळी बुडवली आणि पोरीच्या उजव्या गालावर, कानाच्या अंगाला, रोज शाळेत जाताना लावायच्या तिथंच टेकवली.

बोट आत गेलं. लोण्यात जावं तसं.

त्यांनी दचकून हात मागं घेतला, तर गालाचा रंग बोटासंगं लांबला आणि काजळ त्यात पसरलं. पुसावं म्हणून त्यांनी पदराचं टोक घेतलं, हलकेच फिरवलं, आणि जिथं बोटभर डाग होता तिथं तळहाताएवढा झाला. पोरीला कोणीतरी मारल्यासारखा गाल काळानिळा दिसू लागला. डोळे मात्र तसेच, उत्तराची वाट पाहणारे.

बाहेर पावलं वाजली. मनकर्णाबाई दार उघडून बाहेर पडल्या, तर समोर उज्वला. वाळलेले कपडे खांद्यावर, हातात आचलच्या शाळेचा गणवेश. तिची नजर सासूच्या चेहऱ्यावरून पदरावर गेली आणि तिथं क्षणभर थांबली. मनकर्णाबाईंनी पदर कमरेला खोचला.

"कांदे पाहाले गेलती," त्या म्हणाल्या.

"हो आई," उज्वला म्हणाली.

चार वाजता चहा झाला, पण तो पिता कोणालाच आला नाही. रजत कांद्याच्या खोलीतून आला तो रिकाम्या चेहऱ्यानं. तीन आठवड्यांत पहिल्यांदा त्याच्या हातात ब्रश नव्हता.

"गाल कोणी पुसला?" त्यानं विचारलं. ओरडला असता तर बरं झालं असतं.

सगळे उठून दाराशी गेले. मनकर्णाबाई तेवढ्या छपरीत, आपल्या पाटावर बसून राहिल्या. नलूचं 'अगं बाई' त्यांना ऐकू आलं. मग ज्ञानेश्वरचा आवाज.

"खोलीत कोण गेलतं? पोरगी रजतसंगं विहिरीवर. नलू आन शालू झोपलेल्या. मी छपरीत. जागं कोण होतं घरात?"

सगळे उज्वलेकडं पाहू लागले. घड्या घातलेले कपडे खांद्यावर आणि गणवेश हातात घेऊन ती ते ठेवायलाच निघाली होती. ज्ञानेश्वर आपल्या भावजयीशी कधी तोंडावर बोलत नसे. भासरा आणि भावजय, मधे नेहमी शालू. आज तो सरळ बोलला.

"पोरगी नेऊन राह्यलीस. त्याच्याबदली चित्र ठेवतो म्हणालीस. आन आता तेही ठेवाचं नाई मनात. आम्हाले काहीच ठेवाचं नाई, नाई का?"

मनकर्णाबाईंचे ओठ हलले. पंचावन्न वर्षांत 'माझं चुकलं' हे शब्द त्या घरानं त्यांच्या तोंडून ऐकले नव्हते. ते कुठून काढायचे, जिभेच्या कोणत्या कोपऱ्यात असतात, हेच त्यांना सापडेना.

तेवढ्यात उज्वला बोलली.

"हो भाऊजी. माझ्याच्यानं झालं. कपडे ठेवायला गेले, हात लागला."

"हात लागला? मंग हे काळं काय हाये?"

"माझ्याच्यानंच झालं."

"बस," ज्ञानेश्वर म्हणाला. "माय, आता तुले सांगाची गरज नाई. जिले चित्र सांभाळता येत नाई, ती पोरगी काय सांभाळीन? आचल इथंच राहील."

उज्वलेनं भिंतीचा आधार घेतला.  गणवेशाची घडी तेवढी छातीशी घट्ट धरली.

माझ्याच्यानं झालं. मनकर्णाबाईंनी हे शब्द आधी ऐकले होते. ह्याच छपरीत, हरिदासच्या तिसऱ्या दिवशी. वर्ध्याच्या रस्त्यावर बिनदिव्याच्या ट्रॉलीवर त्याची मोटारसायकल आदळली होती, आणि घर माणसांनी भरलेलं असताना मनकर्णाबाईंनी सगळ्यांच्या देखत म्हटलं होतं, हिले ड्युटीवरून आणाले गेलता, हिची ड्युटी खाऊन गेली माह्या लेकाले. तेव्हाही उज्वलेनं मान खाली घालून म्हटलं होतं, हो आई, माझ्याच्यानं झालं. आणि तेराव्यानंतर एका सकाळी भिंतीच्या देवळीत चष्म्याचं नवं घर ठेवलेलं दिसलं होतं. वर वर्ध्याच्या दुकानाची चिठ्ठी, आत नवा चष्मा. काचेला चरासुद्धा नाही. कोणी ठेवला, मनकर्णाबाईंनी विचारलं नाही. उज्वलेनं सांगितलं नाही. मनकर्णाबाईंनी तो उचलून डोळ्याला लावला, आणि चार वर्षं त्याच चष्म्यातून त्या सुनेकडं पाहत आल्या.

त्या उठल्या. गुडघे कुरकुरले, पण कोणाचा हात घेतला नाही. दाराशी गेल्या आणि कमरेला खोचलेला पदर ओढून सगळ्यांपुढं धरला. हिरव्या काठावर काजळाचा पट्टा होता, आणि त्याच्या शेजारी आचलच्या गालाचा रंग, अजून ओला.

"पाहा," त्या म्हणाल्या. "उज्वलेच्या हाताले पाहा, आन माह्या पदराले पाहा."

ज्ञानेश्वर पाहत राहिला. "माय, तू?"

"म्या. तीट लावाले गेलती. नजर लागन म्हून. कोपरा वाळला होता, मले वाटलं सगळंच वाळलं. रजत सांगून राह्यलता, म्या अर्धं आयकलं."

"तं तवाच काऊन नाई सांगितलं?"

"लाज वाटली म्हून," मनकर्णाबाई म्हणाल्या. "तुही माय हाये म्हून मले लाज नसते काय?"

नलूनं तोंडाला पदर लावला. हसू आवरायला की रडू, तिलाही सांगता आलं नसतं. पण मनकर्णाबाईंचं संपलं नव्हतं. त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि तळहातावर धरला.

"आन हेही आजच सांगतो. उद्या सांगणं होणार नाई. हरिदास त्या दिवशी हिले आणाले नव्हता गेला. माह्या चष्म्याची काडी मोडलीती. तांदळातले खडे दिसेनात मले. तो म्हणे उद्या आणतो, म्या म्हटलं आजच्या आज पाहिजे. तीनदा म्हटलं. हा आणाले गेला तो."

ज्ञानेश्वर दाराच्या चौकटीला टेकला. शालूनं हळूच उज्वलेच्या खांद्यावरचे कपडे काढून स्वतःकडं घेतले.

"तुले माहीत होतं," मनकर्णाबाई उज्वलेला म्हणाल्या. हे विचारणं नव्हतं.

"त्यांचा फोन आला होता," उज्वला म्हणाली. "दुकानातून. मी म्हणाले, माझी ड्युटी उशिरा सुटते, मी बसनं येईन, तुम्ही आईंचा चष्मा घेऊन घरी जा. म्हणाले, बरं."

"आन चार वर्षं बोलली नाईस."

"तुम्हाला दुसरं काही धरायला नव्हतं, आई. मला आचल होती."

 आचल सगळ्यांच्या पायांतून वाट काढत चित्राजवळ गेली आणि कंबरेवर हात ठेवून गाल निरखू लागली.

"आजी, लय मोठी लावलीस. शाळेत लावते तं इतकुशी लावते."

रजत पहिल्यांदा हसला. "होते दुरुस्त. चाकूनं वरचा रंग काढतो, पुन्हा लावतो. गुरुवारच्या आत गाल तयार." मग थांबून म्हणाला, "पण आजी, तीट मी ठेवणार हाये. इतकुशी. जागा तू दाखवजो."

"कानाच्या अंगाले," मनकर्णाबाई म्हणाल्या. "आन ह्याले भिंतीवर लावाचं नाई. आपल्या भिंतीवर गेलेलेच हायेत. हे इथंच राहू दे, ह्या खिडकीत, हवेत. वाळाले किती दिवस म्हणालतास?"

"सहा महिने. मंग वार्निश."

"सहा महिने." त्यांनी बोटांवर माघापासून मोजलं आणि ज्ञानेश्वरकडं वळल्या. "चार वाजता सांगीन म्हटलं होतं. आता आयक. लेकरू मायचं. ज्या पोटावर हात ठेवून झोपते, त्या पोटासंगं जाईन. आचल गुरुवारी पुलगावले जाते. बापाचं घर कुठी पळून नाई जात. दर सुटीत येईन, आन वार्निशच्या दिवशी तं आलीच पाहिजे. चित्रातलीसंगं ताडून पाहू, कोण मोठं झालं ते."

"माय, पण..."

"तुही भाकर दुपारीच थंडी झालती, ज्ञानेश्वर. आता चहा तरी गरम पी."

ज्ञानेश्वरनं खाली वाकून आचलला उचललं, तिला उचलायचे दिवस केव्हाच मागं पडले असताना, आणि तो तिला घेऊन छपरीत गेला. जाताना भावजयीच्या समोर क्षणभर थांबला. मान तेवढी खाली केली. त्याच्याजवळ एवढीच माफी होती, आणि ती उज्वलेला पोचली.

बाकीचेही त्याच्यामागं गेले आणि खोलीत दोघीच उरल्या. खिडकीतून उजेड तिरपा येत होता. उज्वला अजून भिंतीला टेकून उभी होती. गणवेशाच्या घडीवर तिच्या बोटांचे ठसे उमटले होते. मनकर्णाबाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि सुनेकडं नीट, पायापासून डोक्यापर्यंत, पाहिलं. मग डबी उघडली, करंगळी काजळात बुडवली आणि उज्वलेच्या कानामागं तीट लावली. चित्रासारखी नाही. इतकुशी.

"म्या तीन आठवडे गावभर सांगतलं, पोरीच्या बदल्यात चित्र देते म्हून," त्या म्हणाल्या. "ते आता सगळ्यांच्या घरी जाऊन परत घ्या लागन मले. त्याचं मी पाहतो. तुहं आयक. बाई तू चांगली हायेस, पण खोड वाईट हाये तुही. दुसऱ्यानं केलेलं आपल्या पदरात घेते, आन तोंड मिटून बसते. इथं चाललं, कारण घेणारी तू होती आन देणारी मी. त्या घरी चालणार नाई. तिथं ज्याचं त्याले देजो, आन आपलं आहे ते भांडून घेजो. तिथंही मान खाली घातल्याचं माह्या कानावर आलं, तं मी पुलगावची गाडी धरीन, आन चार लोकांत भांडीन. त्यांच्यासंगं नाई, पोरी. तुह्यासंगं."